तीन आर्पां रुंद, तीस आर्पां लांब

क्यूबेकमधलं सँ-दनी हे रिशल्यू नदीकाठचं जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. उपग्रहाचा नकाशा उघडून ते एकदा बघाच. मधून नदी वाहते, आणि दोन्ही काठांपासून शेतांच्या लांबच लांब, अरुंद पट्ट्या थेट मागे गेलेल्या दिसतात. माझी सगळी नोकरी नागपुरात भूमी अभिलेखात झाली, गावनकाशांवर वाकूनच. आपल्याकडची शेतं नाल्याच्या, उताराच्या, भावाभावांच्या वाटण्यांच्या कलाने आकार घेतात. कुठे धुरा वाकडा, कुठे पांधण मध्येच वळलेली. अशी एका मापाची शेतं ओळीने दिसली की समजायचं, इथे आधी कोणीतरी कागदावर रेघा मारल्या आणि मग माणसं आणून बसवली.

माझी मुलगी माँट्रियलजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना जावईबापूंनी आम्हाला नदीकाठच्या 133 नंबरच्या रस्त्याने सँ-दनीला नेलं. पलीकडच्या सँ-आंत्वानला जायला उन्हाळ्यात गाड्या वाहून नेणारी छोटी बोट असते, तीतूनही गेलो. बोटीतून काठाकडे पाहिलं की घर, कोठार, मागे मक्याचं शेत, परत घर, कोठार, मक्याचं शेत. दोन घरांमधलं अंतर जवळपास सारखंच. "आई, तू फोटो काढायचे सोडून मोजतेयस काय?" मुलीने विचारलं. मी खरंच मोजत होते.

फ्रेंच राजवटीत या जमिनी आर्पांत मोजायच्या. एक आर्पां म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न मीटर. नेहमीचा तुकडा तीन आर्पां रुंद आणि तीस आर्पां लांब, म्हणजे नदीला लागून 175 मीटर आणि मागे पावणेदोन किलोमीटर. आपल्या तेहतीस फुटी साखळीने नदीकाठी सतरा-साडेसतरा साखळ्या भरतात, आणि क्षेत्र होतं सुमारे 76 एकर. काठाला ओली सुपीक जमीन, मधे पिकाची, मागे सरपणाचं जंगल, असं प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं सगळं. नदी हाच रस्ता होता. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून घसरगाडी. म्हणून नदीचं तोंड प्रत्येकाला हवं. बाप मेल्यावर मुलं पट्टी उभी चिरत, आडवी नाही. चिरता चिरता पट्ट्या इतक्या बारीक झाल्या की 1745 मध्ये राजाला हुकूम काढावा लागला: दीड आर्पांपेक्षा कमी रुंदीच्या तुकड्यावर घर बांधायचं नाही. तुकडेबंदीची कितीतरी प्रकरणं माझ्या हातून गेली आहेत, त्यामुळे हा हुकूम वाचला तेव्हा मला तिथल्या कारकुनाचं टेबलसुद्धा डोळ्यांपुढे आलं.

या पट्ट्या कसणाऱ्याच्या पूर्ण मालकीच्या नव्हत्या. राजाने मोठा मुलूख एखाद्या सेन्योरला द्यायचा आणि सेन्योरने त्याचे तुकडे पाडून शेतकऱ्यांना. शेतकरी ती जमीन कसायचा, विकायचा, मुलांना ठेवायचा, पण सेन्योरचं देणं मागे लागलेलंच. 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, वर्षाचा खंड भरायचा. काही रोख, काही गहू, आणि कित्येक ठिकाणी जिवंत कोंबडे. दळण सेन्योरच्याच गिरणीत, आणि चौदा मापांमागे एक माप तिथे ठेवायचं. जमीन विकली तर किमतीचा बारावा हिस्सा सेन्योरला. वर्षातले काही दिवस त्याच्या कामावर फुकट राबायचं. चर्चचा दशांश निराळा, धान्याचा सव्विसावा भाग.

माझं माहेर कुही तालुक्यातलं. आजोबा मालगुजाराचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचे, कूळ होते. बाबा सांगायचे, "आधी मालगुजाराच्या सीरमधला, म्हणजे त्याच्या घरच्या शेतातला, धान कापायचा, मग आपल्या बांधीत उतरायचं. तोवर आपला धान झडून जावो की पाण्यात जावो." बाबांनी हे आमच्या अंगणात सांगितलं होतं. धानाच्या जागी गहू घातला, तर त्यातलं एकेक वाक्य सँ-दनीतही चाललं असतं.

गावाची सुरुवात 1694 ची. लुई द गान द फालेझ नावाच्या फौजी अधिकाऱ्याला हा मुलूख मिळाला, आणि त्याने बायकोच्या, बार्ब दनीच्या, घराण्यावरून त्याचं नाव ठेवलं. पण त्याआधी ही नदी कोणाची होती? फ्रेंच तिला इरोक्वा लोकांची नदी म्हणत. शाम्प्लां हा फ्रेंच शोधप्रवासी 1609 मध्ये आपल्या मूळनिवासी मित्रजमातींबरोबर हिच्यातूनच वर गेला आणि इरोक्वांपैकीच मोहॉक लोकांवर त्याने बंदुकी चालवल्या. 1665 मध्ये फ्रान्सहून बाराशेच्या वर शिपायांची पलटण आली. तिने सोरेल आणि शांब्लीला किल्ले उभारले, आणि पुढे तिच्याच अधिकाऱ्यांना काठावरच्या आणि आसपासच्या जहागिऱ्या मिळाल्या. सोरेल, सँ-तूर्स, कोंत्रकर ही गावांची नावं म्हणजे त्या अधिकाऱ्यांचीच नावं. राजाने जमीन वाटली ती आधीच्या लोकांना विचारून नव्हे. सँ-दनीच्या शेतकऱ्यावर पुढे अन्याय झाला हे खरं, आणि तो ज्या पट्टीवर उभा होता ती आधी कोणाची तरी होती हेही खरं. इतिहास लिहिताना यातलं एक ठेवून दुसरं गाळायचं हे मला पटत नाही.

1759 मध्ये क्यूबेक शहर पडलं, 1760 मध्ये माँट्रियलने शरणागती दिली, 1763 च्या तहाने सगळा मुलूख इंग्रजांचा झाला. 1774 च्या कायद्याने इंग्रजांनी फ्रेंच दिवाणी कायदा, कॅथलिक धर्म आणि सेन्योरांची व्यवस्था, तिन्ही तशीच राहू दिली. राजा बदलला. 11 नोव्हेंबरला मात्र कोंबडे घेऊन जायचंच होतं.

पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं गाव चांगलं वाढलं. काठाची माती कुंभारकामाला उत्तम, त्यामुळे कुंभारांची बरीच घरं होती. दारूची भट्टी होती, ती डॉक्टर वुल्फ्रेड नेल्सनची. हा माणूस इंग्रजी बोलणारा, माँट्रियलला जन्मलेला, पण सँ-दनीत राहून गावाचाच झालेला. निवडून आलेल्या विधानसभेचं गव्हर्नर आणि त्याचं नेमलेलं मंडळ ऐकत नव्हतं. 1834 मध्ये सभेने 92 ठराव लंडनला पाठवले. उत्तर यायला तीन वर्षं लागली, आणि मार्च 1837 मध्ये आलं ते असं की सभेच्या मंजुरीशिवाय गव्हर्नरने खजिन्यातला पैसा खर्च करावा. तोवर गव्हाची पिकंही बुडत होती. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या सँ-शार्ल गावी हजारो लोकांची सभा झाली. नोव्हेंबरमध्ये पुढाऱ्यांवर अटकेचे वॉरंट निघाले, आणि त्यांचा मोठा नेता लुई-जोझेफ पापिनो सँ-दनीत येऊन राहिला.

22 नोव्हेंबरच्या रात्री इंग्रज कर्नल चार्ल्स गोर सोरेलहून फौज घेऊन निघाला. पाऊस, चिखल, वर गोठवणारी थंडी. शिपाई रात्रभर चालत होते. जॉर्ज वेअर नावाचा तरुण लेफ्टनंट त्याच्यासाठी निरोप घेऊन येत होता. तो दुसऱ्या रस्त्याने फौजेच्या आधीच गावात पोचला आणि पकडला गेला. गावाला खबर लागली ती अशी. चर्चची घंटा घणघणली. काहींकडे बंदुका, बाकीच्यांकडे दाताळी आणि विळे. सँ-जेर्मां यांच्या विधवेचं जाड भिंतींचं दगडी घर होतं, त्यात नेल्सनची माणसं बसली. तोफेचे गोळे भिंतींना पुरे पडेनात. तेवीस वर्षांचा जॉर्ज-एतिएन कार्तिए नदी ओलांडून पलीकडून दारूगोळा घेऊन आला. दुपारनंतर गोर मागे फिरला, आणि जाताना चिखलात रुतलेली तोफ तिथेच टाकून गेला. गावाची बारा माणसं पडली.

त्याच दिवशी, बांधून ठेवलेल्या वेअरला दुसरीकडे नेत असताना त्याने निसटायचा प्रयत्न केला आणि त्याला तोडून मारण्यात आलं. हे मी लिहिते आहे, कारण ज्यांच्या बाजूने माझं मन आहे त्यांनीच ते केलं.

दोन दिवसांत सँ-शार्ल पडलं. डिसेंबरच्या सुरुवातीला गोर जास्त कुमक घेऊन परत आला, आणि तेव्हा अडवायला कोणी उरलं नव्हतं. घरं, कोठारं, नेल्सनची भट्टी, सगळं जाळलं. कॅनडातला डिसेंबर मी पाहिलेला नाही, पण जावईबापू सांगतात त्यावरून त्या थंडीत वर्षाचं धान्य आणि छप्पर एकदम जाणं म्हणजे काय, ते माझ्या लक्षात येतं. नेल्सनला बर्म्युडाला हद्दपार केलं. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या उठावानंतर माँट्रियलच्या तुरुंगासमोर बारा जणांना फाशी झाली आणि 58 जणांना ऑस्ट्रेलियात पाठवलं. चौकशीला आलेल्या लॉर्ड डरहॅमने 1839 च्या अहवालात लिहिलं की या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना इतिहास नाही आणि साहित्य नाही. ज्यांच्या खंडाच्या वह्या दीडशे वर्षं नेमाने लिहिल्या जात होत्या, त्यांना तो हे म्हणाला.

आमच्या नागपुरातली, भोसले आणि इंग्रजांमधली सीताबर्डीची लढाई 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची. सँ-दनीच्या आधी बरोबर वीस वर्षं, आणि तोच आठवडा. तारखा जुळल्या म्हणून काही सिद्ध होत नाही. पण टेकडीखालून बर्डीच्या बाजाराला जाणारे आपण त्या दगडांकडे किती वेळा मान वर करून बघतो?

सँ-दनीत या सगळ्याची आठवण मनापासून जपली आहे. चौकात स्मारक आहे, संग्रहालय आहे, हिरवा-पांढरा-तांबडा झेंडा घरांवरही दिसतो. मला ते सगळं आवडलं. तरी खंडाच्या पावत्यांकडे वळल्याशिवाय मला या गावाचा इतिहास पुरा वाटत नाही. कारण पापिनो स्वतः सेन्योर होता. ओटावा नदीकाठची पतित-नासियाँ ही जहागीर त्याची, आणि सेन्योरांची व्यवस्था मोडायला त्याचा विरोध होता. ज्याच्यासाठी सँ-दनीच्या शेतकऱ्याने दाताळं उचललं, तो त्या शेतकऱ्याचं देणं माफ करायला तयार नव्हता. वुल्फ्रेडचा भाऊ रॉबर्ट नेल्सन मात्र तयार होता. फेब्रुवारी 1838 मध्ये त्याने जो स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यात सेन्योरांचे हक्क रद्द केले होते आणि मूळनिवाशांना इतरांसारखेच हक्क दिले होते. तो उठाव फसला आणि जाहीरनामा कागदावरच राहिला. रॉबर्टचं नाव पापिनोइतकं घेतलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सेन्योरांची व्यवस्था कायद्याने संपली ती डिसेंबर 1854 मध्ये. त्याच वर्षी डलहौसीने वारस नाही म्हणून भोसल्यांचं नागपूर खालसा केलं. तिकडे जुनी जमीनदारी मोडत होती आणि इकडे नवी उभी राहायची होती: पुढच्या दशकातल्या बंदोबस्तात, आधी नुसता सारा गोळा करणाऱ्या आमच्या मालगुजारांना इंग्रजांनी गावाचं मालक केलं. ते 31 मार्च 1951 पर्यंत टिकलं, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं.

आणि तिकडेही 1854 ला सगळं संपलं नाही. जमीन विक्रीचा बारावा हिस्सा बंद झाला, त्याची भरपाई सेन्योरांना सरकारने दिली. पण वार्षिक खंड शेतकऱ्याने एकरकमी फेडून सुटायचं होतं. एवढी रक्कम कोणाजवळ? बहुतेकांनी तो दरवर्षी भरणंच सुरू ठेवलं. मुलांनी भरला, नातवंडांनी भरला. सेन्योरांच्या वारसांना शेवटचा हप्ता 11 नोव्हेंबर 1940 ला दिला गेला, आणि तोही सरकारने मध्ये पडून कर्ज उभारलं म्हणून. त्या कर्जाची फेड त्यानंतर कित्येक वर्षं नगरपालिकांमार्फत त्याच शेतकऱ्यांकडून होत राहिली. फ्रान्सचा राजा गेला, इंग्रजांचा अंमल आला, गाव जळलं, देश झाला, दुसरं महायुद्ध सुरू झालं, आणि चौदाव्या लुईच्या काळात बांधलेलं देणं चालूच होतं. कार्तिएचं बघा: नदी ओलांडून दारूगोळा आणणारा तो मुलगा 1867 मध्ये कॅनडाच्या संस्थापकांत मोजला गेला, पण त्याच्या गावच्या शेतकऱ्याची सेन्योरपासून सुटका व्हायला आणखी 73 वर्षं गेली.

हे आपल्याला आज कळतं ते पावत्या, करारनामे आणि खंडाच्या वह्या टिकल्या म्हणून. आपल्याकडे मालगुजारी काळातलं बरंच काही कार्यालयात आहे, वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या चालीरीतींच्या नोंदी आहेत, निस्तार पत्रकं म्हणजे सामाईक जमीन-जंगल वापरण्याच्या हक्कांच्या नोंदी आहेत. पण मालगुजाराने कुळाला दिलेली पावती कार्यालयात नसते, ती लोखंडी पेटीत, देव्हाऱ्यामागे नाहीतर जुन्या पोथीत असते. कुही, भिवापूर, उमरेड, मौदा, रामटेक या भागांतल्या वाचकांनो, 1951 च्या आधीचं असं काही घरी असेल तर ते लॅमिनेट करू नका. उष्णतेने कागद खराब होतो आणि प्लास्टिक पुढे निघत नाही. घड्या हलक्या हाताने उलगडून कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेला हिशेब पुष्कळदा पुढच्या मजकुराइतकाच कामाचा निघतो. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून गावाचं नाव आणि पटवारी हलका (तलाठ्याचा साझा) वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवा. ते नसलं तर पावती कोणत्या गावाची, हे पुढे ठरवता येत नाही.