डिझाइन पाठवणार नाही, आधी गल्लीला विचारा

बडोद्यातल्या आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाने भिंतीवर रंगवायला माझ्याकडे डिझाइन मागितलंय. त्यावर बोलण्याआधी इथलं थोडं सांगते. अमेरिकेत, दक्षिण फिलाडेल्फियात मी राहते तिथे दहा मिनिटं पायी चाललं तरी दोन-तीन मोठी भित्तिचित्रं दिसतात. तीन मजली घरांच्या उघड्या बाजू, शाळेची भिंत, दुकानाची मागची बाजू, जिथे जागा तिथे चित्र. याची सुरुवात १९८४ सालची. भिंतींवर स्प्रेने नावं रंगवणाऱ्या पोरांना आवरायला शहराच्या कारभाऱ्यांनी मोहीम काढली आणि जेन गोल्डन या चित्रकर्तीला कामावर घेतलं. तिने त्याच पोरांच्या हाती ब्रश दिले. त्यातूनच पुढे म्युरल आर्ट्स ही संस्था उभी राहिली. तेव्हापासून शहरात हजारो भित्तिचित्रं झाली आहेत.

मी बडोद्याच्या फाइन आर्ट्सची, त्यामुळे इथे आल्यावर अशा कामांकडे पाय वळणारच होते. पण खरं शिकायला मिळालं ते रंगकामाच्या कितीतरी आधी होणाऱ्या बैठकांत.

त्यातली एक सांगते. चर्चचं तळघर, घडीच्या लोखंडी खुर्च्या, मोठ्या थर्मासमध्ये कॉफी. चित्रकार कोरी वही घेऊन बसला होता, दाखवायला त्याने काहीच आणलं नव्हतं. तो नुसता विचारत होता. इथे सकाळी पहिलं दुकान कुठलं उघडतं? या गल्लीतून कोण निघून गेलं? या भिंतीवर काय आलेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही? या शेवटच्या प्रश्नावर लोक भरभरून बोलले. आमच्या भागात कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या एक आजी लेकीमार्फत म्हणाल्या, "मंदिर नका काढू. आमचं म्हटलं की सगळे मंदिरच काढतात. इथे आल्यावर मी न्यू जर्सीच्या शेतांवर ब्लूबेरी तोडायला जायचे. पहाटे अंधारात बस यायची. ती बस काढा." मग आणखी तीन-चार बायका बोलू लागल्या. बसमध्ये कोण कुठे बसायचं, डब्यात काय असायचं, लहान पोरं कोणाकडे ठेवायची, चित्रकाराची पानंच्या पानं भरली. परक्या माणसाने घरी बसून कितीही अभ्यास केला असता, तरी ती बस त्याला सुचली नसती.

रंगकामाची पद्धतही आपल्याकडे सहज जमण्यासारखी आहे. चित्र थेट भिंतीवर काढत नाहीत. ज्याला इथे पॅराशूट क्लॉथ म्हणतात, त्या पातळ, न विणलेल्या कापडाचे साधारण पाच फूट बाय पाच फुटांचे चौकोन करतात. त्यावर चित्राच्या रेषा उतरवून प्रत्येक तुकड्यात रंगाचा आकडा लिहितात आणि शेजारी त्याच आकड्यांच्या वाट्या मांडून ठेवतात. शाळेतलं पोर असो, व्हीलचेअरवरचे आजोबा असोत, टेबलाशी बसून कुणालाही रंग भरता येतो. परांचीवर चढायचं काम जाणकारांचं. ते भिंत खरवडून, अस्तर मारून, ॲक्रिलिक जेलने चौकोन चिकटवतात आणि सांधे रंगवून बुजवतात. माझ्या टेबलावर एक गृहस्थ संध्याकाळभर फक्त सतरा नंबरचा तपकिरी भरत होते. चित्र लागल्यावर नातवाला भिंतीपाशी आणून त्यांनी तो तपकिरी नेमका कुठे आहे ते दाखवलं. बसचा टायर होता तो.

आता मुद्द्याचं. परवा बडोद्याहून आतेभावाचा फोन आला. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी मोठी भिंत आहे, तिच्यावर 'बडोद्याची मराठी ओळख' रंगवायचं गणपती मंडळाने ठरवलंय. "सयाजीराव महाराजांचा मोठा चेहरा, मागे लक्ष्मी विलास पॅलेस. तू एक मस्त डिझाइन पाठव ने!" मी नाही म्हटलं. हे वाचून मंडळातल्या कुणाला राग आला तर येऊ दे, पण माझं म्हणणं ऐकून घ्या.

सयाजीराव महाराजांबद्दल मला अपार आदर आहे. १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणाऱ्या राजाबद्दल कुणाला नसेल? पण महाराजांचा काळ्या घोड्यावरचा पुतळा आहेच की, सगळं बडोदं रोज त्यांना बघतं. शिवाय भिंतीवरच्या चित्रांची आपली परंपराही फार मोठी. रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांच्या वाड्यात कृष्णलीला आहे, महाभारत आहे, मराठे-इंग्रजांची लढाई आहे. कीर्तिमंदिरात तर खुद्द नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती आहेत, गंगावतरण, मीरा. ती चित्रं बघतच मी वाढले. मात्र काय काढायचं ते तिथे दिवाणांनी आणि महाराजांनी ठरवलं. गल्लीला कुणी विचारलं नव्हतं. आता भिंत गल्लीची आहे, तर निदान या वेळी गल्लीला विचारा.

एकच मोठा चेहरा काढला की काय होऊ शकतं तेही इथे बघायला मिळालं. इटालियन मार्केटमध्ये १९९५ पासून फ्रँक रिझोंचं मोठं भित्तिचित्र होतं. हे आधी पोलीस आयुक्त, मग दोन वेळा महापौर. इटालियन वस्तीत अनेकांना ते आपला माणूस वाटत, तर शहरातल्या कृष्णवर्णीयांना रिझोंच्या पोलिसांची दांडगाई आठवे. चित्रावर पुन्हा पुन्हा रंग फेकला जाई, पुन्हा पुन्हा दुरुस्ती होई. शेवटी जून २०२० मध्ये ते रंग मारून झाकलं गेलं. सयाजीरावांची आणि त्यांची तुलना मी मुळीच करत नाही. पण ते चित्र एका वस्तीला आपलं वाटायचं आणि बाकीच्यांना तिथून जाताना मान फिरवावीशी वाटायची, हे विसरता येत नाही.

मतभेद झाले तरी घाबरू नका. इथल्या जर्मनटाउन अव्हेन्यूवर ग्रेटरफोर्ड तुरुंगातले कैदी आणि गुन्ह्यांत आपली माणसं गमावलेली कुटुंबं अशा दोघांनी मिळून काम केलं. एका चित्रात दोघांचं म्हणणं मावेना, म्हणून दोन भिंती रंगवल्या. एकीवर कैद्यांचा प्रवास, दुसरीवर पीडितांचा.

आपल्या गल्लीत विचारलंत तर काय निघेल? माझ्यापुरतं सांगते. आमच्या शेजारच्या काकू गौरींचे मुखवटे रंगवायच्या. अर्ध्या गल्लीच्या गौरींचे डोळे त्यांच्या हातचे. आषाढीला विठ्ठल मंदिराचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघाला की आमच्याइतकेच गुजराती शेजारीही दर्शनाला उभे असत. आणि तुम्हाला राज्याच्या इतिहासातलंच काही हवं असेल, तर लाकडी पेटी काढा. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. महाराजांचा चेहरा न काढता महाराज दिसतील अशी ती पेटी आहे. तरीही ती माझी आवड झाली. गल्लीने काकूंचा ब्रश निवडला, किंवा भलतंच काही निवडलं, तर तेच व्हायला हवं.

बैठकीला फक्त मराठी घरं बोलावू नका. कोपऱ्यावरचे मेडिकलवाले, सेव-उसळवाले, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, त्या भिंतीसमोरून रोज जाणारा प्रत्येक जण तिथे हवा. मराठी ओळख म्हणजे काय, हे शेजारचे गुजराती भाई आपल्यापेक्षा बारकाईने सांगतील, कारण त्यांनी आपल्याला बाहेरून पाहिलंय. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बोलून घ्या, त्यांना जिना उतरवत नाही.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. फाइन आर्ट्सच्या मुलांना घ्याल तर मानधन ठरवून घ्या, चहा-नाश्त्यावर भागवू नका. वर्गणीतली पहिली रक्कम त्यासाठी बाजूला काढा. आणि त्या भिंतीला खालून ओल येते, मला चांगली आठवते. पावसाळा संपल्यावर प्लास्टर ठोकून बघा, पोकळ वाजेल तेवढं काढून नवं करून घ्या, पूर्ण वाळू द्या. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, पापुद्रे सुटणारच. तोवर बैठका उरकतील. तारीख कळवा. तुमची रात्रीची नऊची वेळ मला सोयीची आहे, तेव्हा इथे सकाळ असते. मी व्हिडिओ कॉलवर येईन आणि टिपणं घ्यायचं काम माझं.