आमच्या सोसायटीच्या जिमला शिस्त लागली त्याची हकीकत

सोसायटीच्या जिमला मालक नसतो, आणि तिथल्या निम्म्या कटकटी त्यातूनच निघतात. बाहेरच्या जिममध्ये ट्रेनर असतो, दाराशी कुणीतरी रजिस्टर घेऊन बसलेलं असतं. तुम्ही वजनं पसरून गेलात तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी हटकतं. आमच्या क्लबहाऊसमधल्या जिममध्ये हटकणारं कुणी नाही. मेंटेनन्स सगळेच भरतात, म्हणून हक्क सगळ्यांचा, आणि प्लेट, म्हणजे रॉडला लावायच्या वजनाच्या चकत्या, जागेवर ठेवायचं काम कुणाचंच नाही. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत ही घडी बसायला बराच काळ गेला. ती कशी बसली आणि कुठे अजून अडली आहे, ते लिहिते आहे. नवीन संकुलांमध्ये आता अशी जिम सर्रास असते. तिथे रोज सकाळी मनस्ताप करून घेणाऱ्या कुणाला यातलं काही उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

मी जिमला जायला लागले ती हाडांसाठी. पाळी गेल्यानंतर डेक्सा तपासणी केली, तेव्हा हाडांची घनता कमी निघाली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे १ ते उणे २.५च्या दरम्यान असला की त्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात, उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. माझा अजून पहिल्या टप्प्यात होता. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबरोबर वजनाचे व्यायाम करायला सांगितले. हाडाला भक्कम राहायचं कारण मिळावं लागतं आणि ते कारण म्हणजे त्याच्यावर पडणारा भार. नुसत्या चालण्याने तेवढा भार पडत नाही, असं त्यांनी समजावलं. वर एक ताकीद दिली. पाठ गोल करून, वाकून किंवा कमरेतून वळून जड वस्तू उचलायची नाही. हाडं विरळ झाली असली की मणक्याला धोका तिथेच असतो.

फिजिओथेरपिस्टकडून स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड पाठ सरळ ठेवून उचलणं) नीट शिकून घेतले आणि सकाळी सातच्या सुमाराला जिममध्ये जायला लागले. तिथे रॅकवरच्या रॉडला दोन्ही बाजूंनी आदल्या रात्रीच्या प्लेट तशाच लावलेल्या असायच्या. मोठा रॉड नुसताच २० किलोचा असतो. त्यावर २०-२०च्या प्लेट. मला रिकामा रॉड हवा असे, पण तो रिकामा करायचा तर २० किलोची एकेक प्लेट ओढून काढायची, वळायचं आणि खाली वाकून भिंतीशी टेकवायची. डॉक्टरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं व्यायाम सुरू व्हायच्या आधीच करायची वेळ. शिवाय ज्याला माहीत नाही तो एका बाजूच्या सगळ्या प्लेट आधी उतरवतो, दुसऱ्या बाजूला जड भार तसाच राहतो आणि रॉड फाटकन उलटतो. आमच्याकडे कॉलेजमध्ये जाणाऱ्या एका मुलाच्या खांद्याला असाच रॉड लागता लागता राहिला. प्लेट जागेवर ठेवणं हा सभ्यपणाचा भाग आहेच, पण त्याआधी तो दुसऱ्याच्या अंगाचा प्रश्न आहे. पुढे सगळीकडे मी याच मुद्द्यावर बोलत राहिले.

बाकीचा त्रास जिमला जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. बेंचवर मोबाइल, नॅपकिन आणि बाटली ठेवून माणूस बाल्कनीत फोनवर. पावसाळ्यात रस्त्यावरच्याच बुटांनी आत, रबर मॅटवर चिखल. घामाने ओली झालेली बेंच तशीच सोडून जाणं. डंबेल हातातून सोडून देणं, आणि त्याचा दणका स्लॅबमधून वरच्या फ्लॅटमधल्या आजोबांच्या पलंगापर्यंत. स्वतःचा स्पीकर लावणं. रविवारी लहान मुलं आत सोडणं, ती डंबेल गाड्यांसारखी ढकलत खेळणार. ट्रेडमिलवर पंचेचाळीस मिनिटं, त्यातली वीस रील पाहत रेंगाळण्यात.

आणि न मागता दिलेला सल्ला. "काकू, या वयात एवढं उचलू नका, झुंबा करा ना." हे म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं, हे मी जाणते. पण माझी पाठ सरळ आहे की नाही, याकडे त्याने एकदाही पाहिलेलं नसायचं. समोर बाई दिसली आणि केस पिकलेले दिसले, की सल्ला तयार. तरुण मुलींना याहून वाईट अनुभव येत होते. पोश्चर सुधारण्याच्या नावाखाली कुणी कोपराला हात लावतं, कुणी मागे उभं राहून आरशातून पाहत राहतं. आमच्या बी विंगमधल्या दोघी बहिणी त्यापायी पहाटे साडेपाचला यायला लागल्या होत्या. आपल्याच सोसायटीत, आपल्याच पैशांनी घेतलेल्या मशीनवर व्यायाम करायला मुलींना अंधारात यावं लागतं, हे मला फार लागलं. हा विषय धसास लावायचा, असं मी तेव्हाच ठरवलं.

सुरुवात समोरासमोर बोलण्यापासून केली. त्यात एक गोष्ट लवकर कळली. "तुम्ही फार वेळ बसलात" म्हटलं की माणूस आडवा जातो, "तुमचे किती सेट राहिलेत?" विचारलं की सरळ उत्तर देतो. सेट म्हणजे मध्ये न थांबता केलेली व्यायामाची एक फेरी. त्यापुढे "मधल्या विश्रांतीत मी माझा एक सेट करू का?" हे विचारलं की दहातले नऊ जण स्वतः उठून प्लेट बदलायला मदत करतात. इथे बसणाऱ्याची बाजूही सांगायला हवी. जड वजन उचलणाऱ्याला दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं, कधी त्याहूनही जास्त विश्रांती खरोखरच लागते. तो आळशीपणा नव्हे. पण त्या वेळात दुसऱ्याला एक सेट आरामात करता येतो, हे कुणी कुणाला शिकवलेलंच नसतं. संध्याकाळी येणाऱ्या तरुण मुलांपैकी बरीचशी अगदी चांगली निघाली. बारावी संपवून जिमला लागलेली, व्हिडिओ पाहून शिकलेली. व्हिडिओत सेट कसा मारायचा ते दाखवतात, पण सेट झाल्यावर रॉड रिकामा करून जायचं, हे दाखवत नाहीत.

सल्ल्याचं उत्तरही ठरवून टाकलं होतं. "दादा, मला डॉक्टरांनी आणि फिजिओने हेच सांगितलंय. काही अडलं तर मीच विचारीन." आवाज न चढवता, पण हसूनही नाही. हसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा सल्ला येतो.

पुढची पायरी व्हॉट्सॲप ग्रुपची. ती कुणी चढू नये, असंच सांगेन. सेक्रेटरींनी पसरलेल्या वजनांचा फोटो टाकून "सभासदांनी कृपया नोंद घ्यावी" असं लिहिलं. तासाभरात भाडेकरू विरुद्ध मालक, ए विंग विरुद्ध सी विंग, आणि शेवटी पार्किंग, असा तो विषय कुठल्या कुठे गेला. ज्यांनी वजनं पसरली होती, त्यांनी तो फोटो पाहिलाही नसेल.

खरी गोष्ट कळली ती हाउसकीपिंगच्या मावशींकडून. एक दिवस त्या कंबर धरून पायरीवर बसल्या होत्या. विचारलं, तर रोज रात्री जिम झाडण्याआधी त्या एकट्या सगळी डंबेल आणि प्लेट उचलून बाजूला करत होत्या, कारण खालची मॅट पुसलेली दिसली नाही तर सुपरवायझर बोलतो. त्यांचं काम झाडू-पोछ्याचं, पगार त्याचाच. आम्ही अंग कमवायला जी वजनं उचलत होतो, तीच खाली टाकून जात होतो आणि दिवसभर राबून आलेली बाई ती उचलत होती. तोवर माझं म्हणणं माझ्या मणक्यापुरतं होतं. मावशींची परवानगी घेऊन मी हे कमिटीपुढे मांडलं. चेअरमन काका खरंच गप्प झाले आणि विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायचं त्यांनीच कबूल केलं. गृहनिर्माण संस्थांना ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे तयारीला पावसाळा हाताशी होता.

सभेत तीन गोष्टींवर खडाजंगी झाली. पहिली दंडाची. एका सभासदांनी माणशी ५०० रुपये दंड सुचवला आणि टाळ्याही पडल्या. मी विरोध केला. दंड घ्यायचा तर कॅमेरा पाहणारा माणूस हवा, पावती फाडणारा हवा, आणि पाचशे भरले की प्लेट टाकून जायचा हक्क विकत घेतला असंच लोक समजणार. दंडाऐवजी ते पैसे रॅकवर घाला, असं मी म्हटलं. आमच्याकडे प्लेट ठेवायचा स्टँड खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. २० किलोची प्लेट घेऊन पंधरा पावलं कोण जाणार? नवा स्टँड स्क्वॉट रॅकला खेटून ठेवला, जड प्लेट कमरेच्या उंचीवर आणि हलक्या खाली-वर, प्रत्येक दांड्यावर आकडा रंगवलेला. डंबेलच्या रॅकवरही तसेच आकडे. सगळ्या खटपटीत सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल, तर याने. रिकाम्या जागेवर '१० किलो' लिहिलेलं दिसलं की हातातलं डंबेल तिथेच जातं.

दुसरा वाद नॅपकिन आणि स्प्रेचा. "आम्ही काय रोगी आहोत का?" असा सूर निघाला. तेव्हा आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ ताई उभ्या राहिल्या. गजकर्ण म्हणजे बुरशीचा संसर्ग. तो त्वचेच्या स्पर्शाने पसरतो, तसाच टॉवेल, कपडे आणि दमट पृष्ठभागांवरूनही पसरू शकतो, हे त्यांनी सांगितलं. गेल्या काही वर्षांत भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची चिवट बुरशी आढळते आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. त्यात लोक मेडिकलमधून स्टिरॉइड असलेली मलमं परस्पर आणून लावतात. खाज थांबते, पण आतून आजार पसरत जातो आणि उपचार लांबत जातात. सभागृहात दोघा-तिघांनी नकळत हात मागे घेतले. मग ठराव एकमताने झाला. बेंचवर स्वतःचा नॅपकिन अंथरायचा आणि उठताना बेंच पुसायची. ताईंनी आणखी एक कामाची सूचना केली, ती आम्ही बाटल्यांवर चिकटवली आहे: फवारून लगेच पुसू नये, बाटलीवर दिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यावा. ट्रेडमिलच्या पडद्यावर थेट फवारायचं नाही, कपड्यावर घेऊन पुसायचं.

तिसरा वाद बुटांचा. जिमसाठी वेगळे बूट पिशवीतून आणायचे, असा माझा प्रस्ताव होता. "जिम म्हणजे काय देऊळ आहे का?" एकाने विचारलं. मी म्हटलं, माझे वडील कोल्हापूरचे. तिथल्या पेठांमधल्या तालमींत त्यांचं लहानपण गेलं. तालमीत पायताण दाराबाहेर राहतं. आधी मारुतीला नमस्कार, मग आखाड्यातली माती कपाळाला, आणि मगच जोर-बैठका. ती माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळायचं, हे काम पोरंच करतात. नवा पठ्ठ्या आधी माती उकरायला शिकतो आणि मग डाव. वस्ताद समोर असतात, म्हणून हे पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. आपल्याकडे वस्ताद नाहीत, तर निदान दाराशी बुटांची मांडणी ठेवू. प्रस्ताव काठावर मंजूर झाला. विरोध करणारे काका आता स्वतः निळे बूट पिशवीतून आणतात.

मुलांसाठी चौदा वर्षांखाली प्रवेश नाही, असा नियम झाला. स्पीकर बंद झाला, ज्याने त्याने कानात लावावं. डंबेल वापरतात तिथे जमिनीवर जाड रबर टाइल्स घातल्या आणि वरच्या आजोबांची तक्रार थांबली. घरात नवीन कुणी राहायला आलं की क्लबहाऊसच्या अर्जाबरोबर एक पान दिलं जातं. त्यात प्रत्येक नियमाखाली त्याचं कारण एका ओळीत लिहिलेलं आहे. नुसत्या 'सक्त मनाई'च्या पाट्या आम्ही काढून टाकल्या. मॅट आता रात्री मोकळी असते, मावशी पंधरा मिनिटांत झाडून घरी जातात.

अडलेली गोष्ट एकच, पण मोठी: शूटिंग. स्टँडवर मोबाइल लावून स्वतःचा व्यायाम टिपणारी मुलं वाढली आहेत. स्वतःची पाठ वाकते का हे पाहायला व्हिडिओ उपयोगी असतो, मीही फिजिओला पाठवते. पण मागे व्यायाम करणारी बाई त्यात येते आणि तो व्हिडिओ कुठे जातो, हे तिला कधीच कळत नाही. गेल्या सभेत "हे फार होतंय" म्हणून हा मुद्दा पुढे ढकलला गेला. त्या दोघी बहिणी अजून पहाटेच येतात. येत्या सभेसाठी आम्ही सातजणींनी सह्या करून मसुदा दिला आहे: कॅमेरा भिंतीकडे तोंड करूनच लावावा, चौकटीत दुसरं कुणी येत असेल तर आधी विचारावं, कुणी नको म्हटलं तर चित्रीकरण तिथेच थांबवावं, आणि न विचारता कुणाच्या अंगाला हात लावणाऱ्याचा जिमप्रवेश कमिटीने त्याच दिवशी बंद करावा.