साडेतीन पायऱ्या

आमच्या संस्थेत एकाच मजल्यावर पाच तऱ्हेची माणसं बसतात. समुद्राचे सर, कांदळवनाचा अभ्यास करणारी एक जण, अर्थशास्त्राची एक, नकाशे करणारा एक मुलगा आणि समाजशास्त्रातून आलेली मी. हवामानबदल कुणा एकाच्या शास्त्रात मावत नाही म्हणून हा संसार मांडलेला. एरवी आमची गाठ पडते ती चहाला.

ऐरोलीजवळच्या एका गावठाणाचा पूर-नकाशा तयार झाला होता. त्यात कोळीवाडा हिरवा, म्हणजे सुरक्षित. शेजारचं मोकळं मैदान लाल. आणि माझ्या प्रश्नावल्यांत त्याच कोळीवाड्यातली घरं सांगत होती, दर पावसाळ्यात पाणी आत येतं. नकाशावाला म्हणाला, "ताई, नुकसानभरपाईच्या आशेने वाढवून सांगतात लोक." मला राग आला, पण उत्तरही नव्हतं. म्हटलं, चल माझ्याबरोबर. सरही निघाले, खिशात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचं छोटं यंत्र, टाकून.

मे महिना. वद्य तृतीया. आकाशात ढगाचा ठिपका नाही. कोळीवाड्यातल्या एक आजी आपल्या ओट्यावर जवळा निवडत बसलेल्या. बसा म्हणाल्या, भरती बघूनच जा. किती वाजता? त्यांनी बोटं मोजली. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. "आनि आत खाडीत यायला वर थोरा येल." नकाशावाल्याने फोनवर अपोलो बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं आणि गप्प बसला.

दोन वाजून गेल्यावर दारापुढचं गटार आधी थांबलं, मग उलटं वाहू लागलं. पावसाचा थेंब नसताना. प्लास्टिकच्या पिशव्या खाडीकडून घराकडे यायला लागल्या आणि त्यांच्यामागून बोटाएवढा एक निवटा, खाडीच्या चिखलातला मासा, गटाराच्या भिंतीला चिकटत, उड्या मारत. सरांनी पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला, यंत्र उन्हाकडे धरून डोळा लावला. "तीस." समुद्राचं पाणी साधारण पस्तीस दाखवतं. म्हणजे गटारात खाडी आली होती.

"पण घरात कसं येतं, आजी? ओटा तर उंच आहे."

आजी हसल्या. "उंच व्हता. पाच पायऱ्या व्हत्या. मोज आता."

मी मोजल्या. एक पूर्ण, दुसरी अर्धी. बाकीच्या साडेतीन रस्त्याच्या काँक्रीटखाली. रस्ता दर वेळी जुना न खोदता वरून ओतलेला. पायरी सहा इंचांची धरली तरी पावणेदोन फूट. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा, पाणी चौथ्या पायरीवर थांबलं होतं, असं त्या म्हणाल्या. आता साध्या पावसात भरती गाठली, की ते उंबऱ्याला लागतं.

मग नकाशा हिरवा कसा? ते नकाशावाल्यालाच तिथे बसल्या बसल्या उमगलं. त्याची जमिनीची उंची होती फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेली, सुमारे तीस मीटरच्या चौकोनांत. रडारला छप्पर आणि जमीन यांतला फरक कळत नाही. दाटीवाटीची घरं म्हणजे त्याच्या लेखी टेकडी. झाडांचंही तेच, म्हणून काठावरची तिवरंही नकाशात उंचवटा होऊन बसली होती. मैदानावर काहीच नव्हतं, म्हणून ते तेवढं खरं निघालं.

सरांनी त्यात आपली भर घातली. पेपरवाले पावसाळ्यात "साडेचार मीटरच्या लाटा" छापतात ना, त्या लाटा नसतात, भरतीची उंची असते, आणि तीही मोजतात खोल ओहोटीच्या पातळीपासून. सरासरी समुद्रपातळी मुंबईत त्याच्या साधारण अडीच मीटर वर. एवढं वजा न करता गणित केलं की सगळं गावच बुडतं. आम्ही ती चूक केली नव्हती, हे त्यांनी मुद्दाम दोनदा सांगितलं.

परतताना गाडीत वाद झाला. अहवालात काय लिहायचं? सर म्हणाले, समुद्र चढतोय, ते लिहा. मी म्हटलं, चढतोय, पण आजींच्या दारात आधी रस्ता चढलाय. हवामानबदलाच्या नावावर ठेकेदाराचं काँक्रीट कशाला खपवायचं? शेवटी दोन्ही लिहायचं ठरलं, वेगवेगळ्या परिच्छेदांत. डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून घरोघरी उंबऱ्याची उंची घ्यायला आम्हाला पुढे आठ दिवस लागले.

नवा नकाशा घेऊन मी पुन्हा गेले. कोळीवाडा आता लाल. आजींनी कागद हातात घेतला, आपलं घर शोधलं, बराच वेळ बघितलं.

"लाल म्हंजे धोका ना?"

"हो, आजी."

"मंग बिल्डर भाव कमी करल?"

अर्थशास्त्राची मैत्रीण त्या दिवशी सोबत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती आजींच्या टोपलीतला जवळा निवडायला लागली.