स्टेअरिंगला हात न लावता कोलाड ते वेर्णा

एकोणीस वर्षं मी मुंबई-गोवा हायवेला ट्रक चालवतोय. कशेडी, भोस्ते, परशुराम, कुठल्या वळणाला कितवा गिअर लागतो ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण त्या वळणांच्या पलीकडे काय आहे, ते मात्र कधी बघितलं नव्हतं. पावसात तर नाहीच. समोरचा खड्डा, आरशातली मागची गाडी आणि वायपर, नजर त्याच्या बाहेर जात नाही.

जुलै २०१८ मध्ये वाशीहून वेर्ण्याचा माल होता. हायवे जागोजागी खणलेला, त्यात पाऊस. शेठ म्हणाले, ‘या खेपेला गाडी रो-रोवर चढव.’ मालासकट ट्रकच रेल्वेच्या वॅगनींवर चढवून नेणारी कोकण रेल्वेची ही सेवा १९९९ पासून आहे, पण माझी पहिलीच वेळ. कोलाडला ट्रकची उंची मोजली, वजन बघितलं आणि रॅम्पवरून एकामागोमाग एक ट्रक सपाट वॅगनींवर चढू लागले. एका वॅगनीवरून दुसरीवर जाताना चाकाखाली लोखंडी पत्रा वाजतो आणि दोन्ही बाजूंना वीतभरच जागा असते. माझा नंबर आठवा. हँडब्रेक ओढला, चाकं जखडली. आपण आपल्याच केबिनमध्ये बसून राहायचं.

गाडी सुटली आणि पहिला तासभर माझा उजवा पाय ब्रेकवरच होता. वळण आलं की आपोआप दाबला जायचा. पुढच्या काचेतून फक्त सातव्या ट्रकचं फाळकं दिसत होतं, म्हणून शेवटी दाराची काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि बाजूला बघायला लागलो.

लावणी चालू होती. चिखलात उभ्या बाया इरली पाठीवर घेऊन वाकलेल्या, आणि गाडी आली की एखादी सरळ होऊन बघायची. चिपळूणला वाशिष्ठी गढूळ, दुथडी भरलेली. याच नदीच्या पुलावर मी कितीदा ट्रॅफिकमध्ये अडकलोय, पण पाणी असं वाहताना बघायला त्या दिवशी मिळालं. पुढे जांभ्या दगडाच्या उंच कापण्या, त्यांवर दरड अडवायला लावलेल्या जाळ्या, आणि जाळीतून पाझरणारे लहान लहान ओहोळ. एका कापणीत रेनकोट घातलेला पेट्रोलमन भिंतीला पाठ लावून उभा होता. भर पावसात रूळ बघत पायी फिरायचं, हे त्याचं काम. मी हात केला, त्यानेही केला. दरड म्हणजे काय असते ते आम्हा दोघांनाही माहीत.

उक्षीजवळ रानपाटचा धबधबा दिसला, पांढराशुभ्र, अगदी रुळांच्या शेजारी. त्याचे तुषार दारातून माझ्या तोंडावर आले. पुढे करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर! तेव्हा डिझेल इंजिन होतं, त्यामुळे काचा घट्ट लावल्या, तरी धुराचा वास आत आलाच. मिट्ट काळोखात केबिनमधल्या देवाचा छोटा लाल दिवा तेवढा दिसत होता.

रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीचा पूल आला. ६४ मीटर उंच. वॅगन ट्रकपेक्षा फारशी रुंद नसते, त्यामुळे दारातून खाली बघितलं तर वॅगनही दिसेना, पूलही दिसेना. थेट झाडांचे शेंडे, त्यांच्यामध्ये नदीची बारीक रेघ, आणि पंख पसरून माझ्या खालून जाणारी एक घार. आयुष्यात पहिल्यांदा घारीची पाठ बघितली.

एकेरी लाइन असल्याने क्रॉसिंगसाठी विलवड्याला बराच वेळ थांबवलं. मी डबा उघडला. इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न नाही. बेडूक आणि पागोळ्यांचाच काय तो आवाज. भाकरी आणि सुकटीची चटणी इतक्या निवांत मी ड्युटीवर कधी खाल्ली नव्हती.

तिथूनच बायकोला फोन लावला. मी दिवसा केलेला फोन म्हणजे काहीतरी बिघडलंय, असंच तिला वाटतं. ‘काय झालं?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘काही नाही, पाऊस बघतोय.’ ती बराच वेळ काही बोलली नाही.

वेर्ण्याला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. माल उतरवून परत आल्यावर पहिल्यांदा मांडवी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली, ऑगस्टची. रत्नागिरी सुटली तसं मी तिला म्हटलं, ‘खिडकी सोडू नको, आता खाली बघ.’