तुम्ही विचारलंत म्हणून: एमएसए म्हणजे काय?

सिंगापूरच्या आमच्या घरी पाहुणे आले की चपला काढता काढताच खुंटीवरच्या, 'एमएसए' छापलेल्या जुन्या रेक्झिनच्या पिशवीकडे बोट जातं. "एमएसए म्हणजे काय हो?" डोंबिवलीहून आलेल्या एका काकांनी तर उत्तरही स्वतःच देऊन टाकलं, "मराठी साहित्य अकादमी!" नाही काका. मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स. इथल्या सुंगेई रोडवर चोरबाजार भरायचा, तो २०१७ साली उठला. त्याआधी कधीतरी घासाघीस करून ही पिशवी तिथून आणली.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: दोन देशांची मिळून एक विमान कंपनी कशी?

कंपनी आधीची, देश नंतरचे. १ मे १९४७ रोजी मलायन एअरवेजचं दोन इंजिनांचं छोटंसं एअरस्पीड कॉन्सल सिंगापूरच्या कलांग विमानतळावरून क्वालालंपूर, इपोह, पेनांगला नियमित जाऊ लागलं, तेव्हा त्या सगळ्याच मुलखावर इंग्रजांचा अंमल होता. १९६३ मध्ये सिंगापूरसकट मलेशिया झाला आणि कंपनीचं नाव मलेशियन एअरवेज झालं. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर त्यातून बाहेर पडलं, पण विमानं एकत्रच राहिली. पुढच्या वर्षी दोन्ही सरकारांनी कंपनी हातात घेतली आणि दोघांची नावं जोडून नवं नाव ठरवलं.

घरं दोन, चूल एक. आपल्याकडे अशी चूल किती दिवस चालते, तुम्हीच सांगा.

मलेशियाचे सबा आणि सारावाक समुद्रापलीकडे, बोर्निओत. तिथली लहान लहान गावं जोडणं त्यांना गरजेचं होतं. सिंगापूरला देशांतर्गत प्रवास हा प्रकारच नाही, विमान उडालं की परदेशच. त्यांचा डोळा लंडन-टोकियोवर. तिजोरी एकच, मग पैसे घालायचे कुठे?

१ ऑक्टोबर १९७२ ला वाटणी झाली. बोइंग ७०७ आणि ७३७, मुख्यालय आणि परदेशी मार्ग सिंगापूरकडे गेले. फॉकर फ्रेंडशिप ही लहान विमानं आणि मलेशियातले मार्ग मलेशियाकडे. सिंगापूरनं मलई खाल्ली असं इथले जुने लोक हसत हसत सांगतात. मला ते अर्धंच पटतं. सारावाकच्या आखूड धावपट्टीवर ७०७ घेऊन करायचं काय?

खरी गंमत नावाची. एमएसए ही अक्षरं एव्हाना लोकांच्या तोंडी बसली होती, म्हणून सिंगापूरनं आपल्या कंपनीचं नाव 'मर्क्युरी सिंगापूर एअरलाइन्स' ठरवलं. आद्याक्षरं तीच! मलेशियानं अर्थातच हरकत घेतली आणि शेवटी साधं 'सिंगापूर एअरलाइन्स' झालं. मलेशियाच्या कंपनीची, म्हणजे मलेशियन एअरलाइन सिस्टिमची, आद्याक्षरं मात्र झकास जुळली, 'मास'. मलय भाषेत 'मास' म्हणजे सोनं.

सिंगापूरच्या कंपनीचे पहिले अध्यक्ष जे. वाय. पिल्लै १९९६ पर्यंत त्या खुर्चीत होते. त्यांचा जन्म कुठला? मलायातल्या क्लांगचा, म्हणजे आताच्या मलेशियातला.

मुंबईहून येताना हवाई सुंदरीच्या अंगावर जो बाटिकचा सारोंग-कबाया (लुंगीसारखं नेसण आणि वर अंगाबरोबरचा झगा) तुम्ही पाहिलात, तोही एमएसएचाच वारसा. पिएर बाल्मां या फ्रेंच डिझायनरनं तो १९६८ मध्ये घडवला. वाटणीत सिंगापूरनं तो सोडला नाही.

पिशवीत काय आहे, हेही विचारतात. छत्र्या. इथे पाऊस सांगून येत नाही.