कूलरसमोरचा पलंग

रुग्णालयातल्या पहिल्या बैठकीत आम्हा पालकांपुढे ठेवलेला नकाशा आधीच पक्का झालेला होता. सिकलसेलच्या रुग्णांनी दिवसभर थांबून उपचार घ्यायची खोली, सहा पलंग, सिस्टरचं टेबल आणि खिडकीत भला मोठा कूलर. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून कूलर. हेतू चांगलाच होता. माझ्या शेजारच्या आजींनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "या दोन पलंगांवर तर हवा सरळ अंगावर येते ना बाप्पा. पोराचं दुखणं काहून नाही उठणार?"

आजींचा नातू आणि माझा मुलगा दोघेही 'एसएस', म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेले. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात कळा सुरू होतात. शरीरातलं पाणी कमी झालं की त्रास होतो, तसाच अंगावर गार वारा बसला की होतो. तिथल्या डॉक्टरांनाही हे ठाऊक होतं. पण नकाशा काढताना त्यांना फक्त बाहेरचं ऊन दिसलं होतं. आमच्या घरात कूलर लावल्यावर मुलाचा पलंग कुठे सरकवायचा, हे आम्ही दर उन्हाळ्यात ठरवत आलो आहोत.

मी नागपुरातल्या इंदोरा वस्तीत राहते, शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. मुलगा चौदा वर्षांचा आहे. रुग्णालयातून फोन आला तेव्हा निरोप एवढाच होता: "नवीन खोली करतोय, पालकांच्या सूचना हव्या आहेत." मंगळवारी सकाळी अकराला बोलावलं. म्हणजे माझी दिवसाची शिलाई बुडणार आणि रोजंदारीवर जाणारे बाप येऊच शकणार नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही चौघी होतो. इतिवृत्त इंग्रजीत आलं आणि त्यात आजींचं बोलणं कुठेच नव्हतं. 'पालकांनी समाधान व्यक्त केलं' अशा अर्थाची एक ओळ मुलाने मला वाचून दाखवली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आपल्या बुद्ध विहारात बसलो. आशाताईंनी घरोघरी निरोप दिला होता. वीस-बावीस घरांतली माणसं आली. तिथे आम्ही अटी लिहून काढल्या. बैठक रविवारी किंवा संध्याकाळी. ज्याचा रोज बुडेल त्याला त्या दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं. इतिवृत्त मराठीत, बैठक संपायच्या आत मोठ्याने वाचून. आणि कुठलीही गोष्ट पक्की होण्याआधी आमच्यासमोर यायला हवी. शेवटची अट लिहिताना एका काकांनी विचारलं, "आपण नाही म्हटलं तर ते थांबतील?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. म्हणून तेही लिहिलं: दोन्ही बाजू कबूल झाल्याशिवाय ठराव नाही.

कागद घेऊन गेलो तेव्हा एक अधिकारी म्हणाले की मजुरीसाठी तरतूद नाही. त्यात महिना-दीड महिना गेला, त्याबद्दल फार लिहीत नाही. मार्ग काढला तो सामाजिक वैद्यकशास्त्राच्या एका मॅडमनी. त्यांनी बैठकीत १९७८ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेतल्या अल्मा-आटा जाहीरनाम्याचा आधार दिला. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं त्यात म्हटलं आहे. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवायची 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली, जनसुनवाया झाल्या, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नव्हतो. भाडं आणि मजुरी मिळू लागली, आणि बाप माणसं बैठकीला दिसू लागली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दुखण्यावर. माझ्या मुलाला एका रात्री दुसऱ्या एका रुग्णालयात नेलं होतं. तो कळवळत होता आणि ड्युटीवरच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "याला इंजेक्शनची सवय तर नाही ना लागली?" मुलाने ते ऐकलं. त्यानंतर तो कितीही दुखलं तरी दवाखान्यात चल म्हणत नाही, दात आवळून पडून राहतो. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा आणखी तीन आयांनी तेच सांगितलं. एका तरुण डॉक्टरांनी मान खाली घालून ऐकलं आणि मग म्हणाले की अमेरिकेतल्या रक्तरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनेवर औषध मिळायला हवं. त्यातून एक साधा कागद तयार झाला. प्रत्येकाच्या फायलीच्या पहिल्या पानावर: याला कोणतं औषध किती दिल्यावर बरं वाटतं, आणि सही डॉक्टरांची. मजकूर आम्ही सांगितला, मात्रा त्यांनी लिहिल्या.

पाटीवरून मात्र आमच्यातच भांडण झालं. दारावर मोठ्या अक्षरांत 'सिकलसेल कक्ष' लिहायचं ठरत होतं. मुलींच्या आया म्हणाल्या, नको, कोणी ओळखीचं पाहील आणि सोयरीक मोडेल. मला ते पटलं होतं आणि मी सगळ्यांच्या वतीने बोलूनही टाकलं. गडचिरोलीकडून आलेले एक भाऊ तीन बैठका गप्प बसून होते. त्या दिवशी त्यांच्या पुतण्याने त्यांचं गोंडी बोलणं मराठीत सांगितलं: पाटी नसली तर आम्ही कुठे शोधायचं? मागच्या वेळी दोन तास या इमारतीतून त्या इमारतीत फिरलो, पोरगी खांद्यावर. मी इंदोऱ्याची, मला मेडिकल, मेयो, डागा ही इथली सगळी सरकारी रुग्णालयं पाठ. बाहेरून येणाऱ्याचं मला सुचलंच नव्हतं. शेवटी दारावर फक्त क्रमांक राहिला आणि केसपेपरच्या खिडकीवर सोबत नेणारा माणूस नेमला. तेव्हापासून गोंडी बोलणारं कोणी असल्याशिवाय बैठक सुरू होत नाही.

लग्नाचा विषय निघालाच होता, म्हणून मुलींच्या आयांनी आणखी एक मागणी केली. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी रक्तात हा दोष असेल, तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. ती शक्यता दोघांच्या रक्तातून येते, मग समुपदेशनाला फक्त पोरींनाच का बसवता? आता मुलगा आणि मुलगी दोघांच्याही तपासणीबद्दल एकत्र बोललं जातं.

डॉक्टरांनीही आम्हाला एकदा ठाम नाही म्हटलं. कळा वारंवार येऊ नयेत म्हणून देतात त्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या एकदम सहा महिन्यांच्या द्या, अशी आमची मागणी होती, कारण दर पंधरवड्याला गोंदिया, चंद्रपूरहून येणं परवडत नाही. त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं की या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्त तपासत राहावंच लागतं. मात्रा वाढवताना दर महिन्याला, स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी. आम्ही मागणी मागे घेतली. मात्रा स्थिर असलेल्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी घराजवळच्या ग्रामीण रुग्णालयात, असं ठरलं.

खोली नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी सुरू झाली. कूलर आता दाराजवळ आहे, त्याची हवा भिंतीकडे जाते, आणि प्रत्येक पलंगाशी माठातलं साधं पाणी असतं. आजींच्या नातवाला पहिल्या आठवड्यातच तिथे सलाईन लावलं. आजी पलंगाला हात लावून बसल्या होत्या.

खोली संध्याकाळी पाचला बंद होते. कळा बहुतेक वेळा रात्रीच उठतात. गेल्या रविवारी आम्ही रात्रपाळीच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना विहारात बोलावलं होतं. दोघी सिस्टर आल्या, सतरंजीवर आमच्यात बसल्या आणि रात्री एका वेळी त्यांच्याकडे किती रुग्ण असतात ते सांगू लागल्या. आमच्या वहीत त्या तारखेखाली अजून एकच शब्द लिहिलेला आहे: रात्र.