अर्जंट कॉल्स ओन्ली

व्हॉट्सॲपवर प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ असायची. 'हे देअर! आय ॲम यूझिंग व्हॉट्सॲप' ही आयती मिळायची. बदलायची तर १३९ अक्षरांची मुभा, आणि तेवढंही सुचत नसेल तर तयार यादी: अव्हेलेबल, बिझी, ॲट द जिम, बॅटरी अबाउट टू डाय, अर्जंट कॉल्स ओन्ली. कुणी 'जय शिवराय' लिहायचं, कुणी 'श्री स्वामी समर्थ', दुकानदार 'सोमवारी बंद'. एकदा लिहिलं की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नसे. तीन-तीन वर्षं ज्यांची बॅटरी संपतच आलेली आहे असे लोक प्रत्येकाच्या यादीत होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये ही ओळ काढली गेली. तिच्या जागी आलं ते आजचं स्टेटस: फोटो किंवा व्हिडिओ, चोवीस तासांनी आपोआप पुसला जाणारा. ही कल्पना मुळात स्नॅपचॅटची. इन्स्टाग्रामने ती ऑगस्ट २०१६ मध्ये उचलली होती आणि आता फेसबुकच्याच घरातल्या धाकट्याने, व्हॉट्सॲपने, तोच सदरा घातला. व्हॉट्सॲपच्या आठव्या वाढदिवसाची ही भेट म्हणे. लोकांनी ती आहेराच्या साडीसारखी घेतली.

आरडाओरडा झाला तो नव्या गोष्टीपेक्षा तिने अडवलेल्या जागेवरून. अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत डावीकडे कॉल्स, मध्ये चॅट्स, उजवीकडे कॉन्टॅक्ट्स अशी मांडणी होती. बदलानंतर चॅट्स डावीकडे सरकलं, मध्ये स्टेटस बसलं, कॉल्स पार उजवीकडे गेलं आणि डाव्या टोकाला कॅमेरा आला. आता चॅट्सवरून कॉल्सकडे जायला सवयीने बोट सरकवलं की समोर स्वतःचंच तोंड नाहीतर टेबलाचा कोपरा. कॉन्टॅक्ट्सची पाटी तर गेलीच. ती यादी नवीन चॅट सुरू करायच्या बटणामागे जाऊन बसली. डोळ्यांना नवी जागा दोन दिवसांत कळते, बोटाला कळायला आठवडे लागतात. अशा बदलावरचा पहिला राग बहुधा बोटाचा असतो.

दुसरी अडचण जास्त खोल होती. इन्स्टाग्रामवर आपण माणसं निवडतो. व्हॉट्सॲपवर माणसं फोनबुकातून येतात. तिथे घरमालक आहे, गॅसवाला आहे, मुलाच्या वर्गशिक्षिका आहेत, साहेब आहेत. दोघांनी एकमेकांचा नंबर साठवलेला असला की एकाचं स्टेटस दुसऱ्याला दिसणार. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' आणि 'ओन्ली शेअर विथ' हे पर्याय होते, पण ते प्रायव्हसीच्या पानात. तिथवर लोक पोचले ते बहुधा आजारपणाच्या रजेत काढलेला अलिबागचा फोटो साहेबांनी पाहिल्यावरच.

खरी गंमत म्हणजे व्हॉट्सॲप जन्मलं तेच या ओळीसाठी. २००९ मध्ये व्हॉट्सॲपचा संस्थापक यान कूमच्या डोक्यात होतं ते इतकंच, की फोनबुकातल्या नावापुढे तो माणूस फोन घेऊ शकतो की नाही ते दिसावं. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने पुश नोटिफिकेशनची सोय दिली. कुणी ओळ बदलली की मित्रांच्या फोनवर टिंग वाजू लागलं, लोक त्या ओळींतूनच एकमेकांना उत्तरं देऊ लागले आणि मग संदेशांचं ॲप झालं. म्हणजे आठव्या वाढदिवसाला देवघरातला मूळ देवच हलवला होता.

असं का होतं याचा एक अंदाज करता येतो. कुठलंही ॲप बनवणारे लोक काय किती वेळा दाबलं गेलं ते मोजतात. तीन वर्षांत एकदाही न बदललेली ओळ त्या हिशेबात मेलेली दिसणार. पण दारावरची पाटी रोज पुसून नव्याने लिहीत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. 'सोमवारी बंद' वाचणारं गिऱ्हाईक काहीच दाबत नाही. वाचतं आणि मंगळवारी येतं.

महिन्याभराच्या आत, मार्चमध्ये, कंपनीने माघार घेतली. पूर्ण नव्हे. ओळ परत आली ती 'अबाउट' या नावाने: सेटिंग्ज, मग आपलं नाव, मग अबाउट. नवं स्टेटस मात्र मधल्या पाटावरून उठलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये संदेश वाचल्याचं सांगणाऱ्या निळ्या टिकांवरून बोंब झाली तेव्हाही असंच झालं होतं. टिका राहिल्या, त्या बंद करायचं बटण मिळालं, आणि तेही सौद्यासकट: आपण बंद केल्या तर समोरच्याच्याही दिसत नाहीत, ग्रुपमध्ये बंद होतच नाहीत. 'जुनं होतं तसंच द्या' या मागणीला कंपन्या सहसा दाद देत नाहीत. 'अमुक काम आता होत नाही' या तक्रारीला देतात, कारण तिच्यावर एक पर्याय वाढवून भागतं.

आणि ज्या स्टेटसला तेव्हा शिव्या घातल्या ते आज मराठी घरांत असं मुरलंय की वाढदिवसाला ते टाकलं नाही तर भाचा रुसतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तर एकच बॅनर चाळीस जणांकडून येतो. नको असेल त्याच्या स्टेटसवर बोट दाबून धरून म्यूट करावं. त्याला कळत नाही.

अबाउटची ओळही आता शांत राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने तिला चॅटच्या वर आणलं आणि तिच्यावर मुदत लावली, मूळची एका दिवसाची. ती बदलता येते, पण आपण होऊन. आठ वर्षं 'अर्जंट कॉल्स ओन्ली' लावून बसलेल्यांनी पुढच्या वेळी काही लिहिताना तेवढा मुदतीचा पर्याय बघून घ्यावा.